दहा सह्या

नोकरी वेळेआधी सोडायची हे मी सहा वर्षांपूर्वी ठरवलं आणि त्याच आठवड्यात एक एक्सेल शीट उघडली. तिचं नाव ठेवलं 'सुटका'. तेव्हापासून दर महिन्याच्या सात तारखेला मी तिच्यात आकडे भरत आलो. लग्नाचा वाढदिवस मी दोनदा विसरलो आहे, सात तारीख एकदाही नाही. यावरून माणूस कसा आहे ते कळावं.

मी रंगनाथ. वय अठ्ठेचाळीस. हडपसरच्या एका आयटी पार्कात तेवीस वर्षं काढली, त्यातली शेवटची आठ नुसती ढकलली. माझा मॅनेजर ऋषी माझ्याहून चौदा वर्षांनी लहान आहे आणि मीटिंगमध्ये माझ्यासमोर माझा उल्लेख 'सीनियर रिसोर्स' असा करतो. त्याचा राग येण्याचेही दिवस गेले. रविवारी दुपारची जेवणं झाली की पोटात गोळा यायचा, कारण उद्या सोमवार. पुढेपुढे तो शनिवारपासूनच यायला लागला. मागच्या वर्षी एकदा ऑफिसच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये मी हेल्मेट घालून स्कूटरवर चाळीस मिनिटं नुसता बसून राहिलो. किल्ली फिरवायला हात उचलेना. शेवटी पोपट नावाचा सिक्युरिटी गार्ड आला आणि म्हणाला, "सर, गाडी बंद पडलीय का?" मी हो म्हणालो. त्याने बिचाऱ्याने धक्का मारला, गाडी लगेच चालू झाली आणि त्याला स्वतःचंच फार कौतुक वाटलं.

हे मी घरी कुणाला सांगितलं नाही. बायकोला, प्रियदर्शनीला, इतकंच म्हणालो की पन्नाशीच्या आत मला बाहेर पडायचंय. ती लोणी काळभोरच्या एका कॉलेजात कंत्राटावर शिकवते. तिचा पगार कधी होईल हे तिलाही माहीत नसतं आणि कॉलेजलाही. ती म्हणाली, "हिशेबात बसत असेल तर सोडा." आमच्या सोसायटीचे चेअरमन संपतराव यांच्या वडिलोपार्जित शेतावरच आमच्या तीन इमारती उभ्या आहेत. त्यांना सुगावा लागला तेव्हा ते म्हणाले, "सायेब, नोकरी सोडून करनार काय? आमी बगा, जमीन इकली तवापासनं रिटायर हाय. लय कट्टाळा येतो." मला तोच कंटाळा हवा होता. त्यासाठी काय वाट्टेल ते देईन, असं मी मनाशी म्हणायचो.

शीटमधल्या प्रत्येक ओळीला एक शेवटचं वर्ष होतं. मुलीची, ऋतिकाची, फी २०३० ला संपत होती. मी स्वतः २०६२ साली, पंच्याऐंशीव्या वर्षी मरत होतो आणि प्रियदर्शनीला पुढे पुरेल इतकं ठेवून जात होतो. ते वर्ष टाकताना मला काही वाटलं नव्हतं. अकराव्या ओळीत आईची पेन्शन होती, महिना चव्वेचाळीस हजार. ती मी २०३५ पर्यंत ओढली होती. पस्तीस साली माझ्या दोन विमा पॉलिसी मॅच्युअर होतात, तिथपर्यंत पेन्शन येत राहिली की सगळं बसत होतं. पस्तीस साली आई नव्वद वर्षांची होते, हा विचार मी केलाच नाही असं नाही. केला होता. तिची आई ब्याण्णवची होऊन गेली, तेव्हा नव्वद धरायला हरकत नाही, असा केला होता.

आईचं नाव मुक्ताई. हिंगणघाटजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने चौतीस वर्षं शिकवलं. बाबा गेल्यावर ती आमच्याकडे पुण्याला आली. माझी वऱ्हाडी इथल्या पहिल्या सहा महिन्यांत धुऊन निघाली होती, कारण हॉस्टेलवर लोक हसायचे. आईने मात्र आपली बोली एवढ्याशा फ्लॅटमध्ये जशीच्या तशी ठेवली. आणखी एक गोष्ट तिने ठेवली, ती म्हणजे दिसेल तो कागद तपासायची सवय. किराण्याचं बिल, ऋतिकाची वही, काहीही. सोसायटीच्या नोटिशीतलं शुद्धलेखन तिने लाल पेनाने दुरुस्त केलं तेव्हा संपतराव आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते.

यंदा जूनमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडलीत, डायलिसिस सुरू करावं लागेल. आई तिथल्या तिथे नाही म्हणाली. तिची थोरली बहीण मथुराबाई नागपूरला तीन वर्षं डायलिसिसवर होती आणि शेवटचं वर्ष आई तिच्या उशाशी होती.

"मथुरीचं पाह्यलं मी," ती मला घरी आल्यावर म्हणाली. "मले ते नको. ऐंशी वर्षं झाले. गोळ्यांवर जितके दिवस निघतीन तितके निघतीन."

मी समजावलं, चिडलो, ऋतिकाला पुढे केलं. ती ढिम्म हलली नाही. वर्गात चाळीस पोरांचा गलका ऐकत शांतपणे फळ्यावर लिहीत राहायची, तशीच माझं ऐकत भाजी निवडत राहिली.

जुलैत मी श्यामसुंदर नावाच्या गुंतवणूक सल्लागाराला गाठलं. डिसेंबरच्या एक तारखेला राजीनामा द्यायचा असं मी ठरवलं होतं आणि त्याआधी कुणीतरी जाणत्याने शीट बघावी अशी इच्छा होती. त्याने लॅपटॉपवर सगळं नीट पाहिलं. मग विचारलं, "आईंची तब्येत कशी आहे, सर?" त्याच्या आपुलकीने मला बरं वाटलं. मी म्हणालो, ठीक आहे. "छान," तो म्हणाला. "कारण ती अकरावी ओळ हा तुमचा सगळ्यात सेफ असेट आहे." घरी परतेपर्यंत मला त्याने ते का विचारलं हे कळलं नव्हतं. कळल्यावरही मी त्याच्यावर चिडलो नाही, कारण माझंही म्हणणं त्याहून वेगळं नव्हतं.

त्याच्यासाठी काढलेली शीटची प्रिंट मी डायनिंग टेबलावर विसरलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर प्रत्येक ओळीपुढे लाल पेनाने बरोबरची खूण. आईने सगळ्या बेरजा हाताने करून पाहिल्या होत्या. खाली लिहिलं होतं, 'तपासले. मु.' आणि अकराव्या ओळीशेजारी समासात बारीक अक्षरात, 'ऐंशीनंतर पेन्शन वाढते. वाढ धरलेली नाही.'

मी मोठ्याने हसलो. त्या कागदाचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, लोकांनी टाळ्या वाजवणारे हात पाठवले. मग लॅपटॉप उघडून वाढ धरली. शेवटची शिल्लक चांगलीच वर गेली. आईला म्हणालो, "तुझ्यामुळे फायदा झाला बघ." ती म्हणाली, "पाहून लिहीत जाय." त्या क्षणी ती काय वाचून उठली होती हे माझ्या लक्षातच आलं नाही. लक्षात यायला तिच्याकडे बघायला हवं होतं, मी शीटकडे बघत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पोळीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "डॉक्टरकडे चाल. ते डायलिसिस सुरू करा म्हणून सांग."

"अचानक कसं काय?"

"विचार केला."

मला वाटलं, माझं समजावणं कामी आलं. मी प्रियदर्शनीलाही तसं अभिमानाने सांगितलं. ऑगस्टमध्ये सुयांसाठी शीर तयार करायला आईच्या डाव्या हातावर छोटं ऑपरेशन झालं आणि ऑक्टोबरपासून मंगळवार-शुक्रवार सकाळी सातला डायलिसिस सुरू झालं. चार तास सुया टोचलेला हात न हलवता पडून राहायचं. परत आली की ती भिंतीकडे तोंड करून निजायची. पायांत गोळे यायचे, उलट्या व्हायच्या. पाणी दिवसाला मोजून एक लिटर. तहान असह्य झाली की बर्फाचा खडा तोंडात धरायची. मेथी, टोमॅटो, केळं सगळं बंद. एकदाही तिने तक्रार केली नाही. फक्त घरी आली की भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसावर एक तिरकी रेघ मारायची. गाडीभाड्यासकट महिन्याला वीस हजार लागत होते. सात तारखेला मी शीटमध्ये नवी ओळ घातली.

नोव्हेंबरात पेन्शनर लोकांना बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. तो दिला नाही तर पेन्शन थांबते. दरवर्षी आई ही गोष्ट विनोदी अंगाने घ्यायची. इस्त्रीची साडी नेसायची, चार ओळखीच्या म्हाताऱ्या भेटायच्या, कोण आलं आणि कोण या वर्षी नाही आलं याचा आढावा व्हायचा. यंदा मी नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी तिला रिक्षाने नेलं. बँकेच्या चार पायऱ्या चढायला तिला दहा मिनिटं लागली.

काउंटरवरच्या भाग्यश्री मॅडमनी तिचा अंगठा मशीनवर ठेवायला सांगितला. मशीनने तो घेतला नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही नाही.

"मशीनले मी मेली वाटते काय?" आई म्हणाली. रांगेतली माणसं हसली.

"असू दे आजी, रजिस्टरवर सही करा तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

आईने सही केली. प्रगतिपुस्तकांवर करायची तशीच, 'मु' ठसठशीत आणि पुढे रेघ. पण रेघ कागदाबाहेर गेली.

"झालं आजी. आता वर्षभर काळजी नाही."

आई माझ्याकडे वळली. "एक झाली," ती म्हणाली. "आता नऊ राह्यल्या."

"काय नऊ?"

"सह्या. पस्तीसपर्यंत दहा लागतात न? ही पहिली."

मला आधी खरंच कळलं नाही. आम्ही बाहेर येऊन रिक्षात बसलो, रिक्षा सिग्नलला थांबली आणि मग कळलं.

"आई, तू त्या कागदासाठी डायलिसिस घेतेस?"

"मग कशासाठी?" तिला माझ्या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. "तू लिहिलं होतं न पस्तीस. आधी मले वाटलं, आता माझ्यानं कोणाचं काही अडत नाही. मग तुझा हिशेब पाह्यला तर अडत होतं. वाढ न धरताही वीस हजार दवाखान्याचे वजा जाता चोवीस हजार उरतात. मेली तर शून्य. जगली तर चोवीस. नोकरीत तुझा जीव जाते हे मले दिसते, रंगा. स्कूटरवरून उतरतं तेव्हा तोंड पाहजो आपलं आरशात."

मी तिला पार्किंगचं सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

"ते नुसते आकडे होते," मी म्हणालो.

"बरोबर होते. मी तपासले."

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तो असता तर मला बरं झालं असतं. घरी पोचेपर्यंत ती बाहेरची दुकानं बघत राहिली आणि मी तिच्या हातावरची सुजलेली शीर बघत राहिलो.

प्रियदर्शनीला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "त्यांना स्पष्ट सांगा, तुमची पेन्शन नको म्हणून. पण आधी ते खरं करा, मग सांगा. त्यांना खोटं लगेच कळतं."

शनिवारी मी शीट उघडली आणि अकरावी ओळ पुसून टाकली. हिरवे आकडे एकेक करत लाल झाले, २०३२ पासून थेट शेवटपर्यंत. मी स्कूटर विकून पाहिली, पोर्टफोलिओ हलवून पाहिला, स्वतःला सत्तराव्या वर्षी मारून पाहिलं. काही करून बसेना. बसायचं असेल तर मला आणखी आठ वर्षं नोकरी करायला हवी होती. आठ वर्षं. मला आठ सोमवार निघत नव्हते. त्या लाल आकड्यांसमोर बसून मला आईचा राग आला. तिने तो कागद का वाचला, वाचला तर गप्प का बसली, आणि बँकेत बोलली ती तरी कशाला, सगळं काही सुरळीत चाललं होतं, असं माझ्या मनात आलं. हे मी लिहून ठेवतो आहे, कारण पुढे मी जे केलं ते प्रेमापोटी केलं असं कुणी म्हणू नये. मीही म्हणू नये.

शेवटी मी लॅपटॉप मिटला आणि ठरवलं, राजीनामा द्यायचा नाही. काय व्हायचं ते होवो.

रविवारी सकाळी आई बाल्कनीत मेथी निवडत बसली होती. स्वतःला खायला बंदी, पण निवडायचं काम तिने सोडलं नव्हतं. मी समोर स्टूल ओढून बसलो.

"आई, मी नोकरी सोडत नाहीये."

तिचे हात थांबले. "काहून?"

"नाही सोडत. आठ वर्षं करतो अजून. तुझी ओळ मी शीटमधून काढून टाकली. तुझा एक रुपयाही लागत नाही. ते दहा सह्यांचं डोक्यातून काढ."

"खरं सांगतं?"

"खरं."

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि खरं आहे हे तिला कळलं. मग तिचा चेहरा सैल झाला. ती हसली. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा. मांडीवरची जुडी तिने बाजूला ठेवली, पाय लांब केले.

"मग मंगळवारपासून नको न जाऊ?" तिने विचारलं.

मी खाली पडलेल्या काड्या गोळा करायला लागलो.

"दवाखान्यात सांगून देजो. पैसे आगाऊ भरले असशीन तर परत घेजो. मथुरीनं तीन वर्षं काढले, मले दोन महिन्यांतच पुरे झालं बाप्पा. बंद केल्यावर दोन-चार आठवडे निघतीन, त्या डॉक्टरनं सांगितलं होतं." तिने मेथीकडे पाहिलं. "प्रियदर्शनीले म्हण, भाजी जरा जास्त टाक. आज मीही खाईन."

ती आनंदात होती. मला वाटलं होतं, मी तिला ओझ्यातून सोडवायला आलोय आणि ती आता आमच्यासाठी, स्वतःसाठी जगेल. तिला आमच्यासाठी जगण्याचं एकच कारण दिसत होतं, आणि ते मी आत्ताच काढून घेतलं होतं.

"आम्हाला तू हवी आहेस," मी म्हणालो. आमच्या घरात असं कुणी कधी बोलत नाही. माझेच शब्द मला उसने वाटले.

"आहे न मी. ऐंशी वर्षांची आहे. अजून किती पाह्यजे?"

"ऋतिका आहे. तिची बारावी..."

"ऋतिका शहाणी आहे." तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू बरा वागला रे. मले वाटलं नव्हतं तू सोडून देशीन. थकली होती मी."

तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता. मी घाबरलो. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो, बाबा गेले तेव्हाही नाही. तिला थांबवील असं माझ्याकडे काहीच नव्हतं. एकच गोष्ट होती.

"आई," मी म्हणालो. "लागेल पेन्शन."

तिने हात काढून घेतला.

"मी आत्ता तुला बरं वाटावं म्हणून बोललो. आठ वर्षं नाही जमणार मला. आठ महिनेही नाही जमणार. ती ओळ लागेल."

दुसऱ्याच्या वहीतून उत्तर उतरवलेल्या पोराकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. "नक्की सांग. लागते का नाही लागते?"

"लागते."

"पस्तीस?"

"पस्तीस."

तिने पाय पुन्हा जवळ घेतले, जुडी मांडीवर ओढली आणि पानं खुडायला लागली. चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते मला दिसलंही नाही.

"बरं," ती म्हणाली. "पण पस्तीसच्या पुढं नाही."

"पुढं नाही," मी म्हणालो.

दुपारी मी अकरावी ओळ परत घातली आणि शीट हिरवी झाली. सोमवारी, एक डिसेंबरला, दहा वाजता राजीनामा पाठवला. ऋषीने उत्तरादाखल नुसता एक अंगठा पाठवला. सहा वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली त्या दिवशी मला काहीही वाटलं नाही, पोटातला गोळाही होता तिथेच होता. 'लागते' हे मी आईसाठी म्हणालो की त्या ओळीसाठी, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर यायच्या आत मी लॅपटॉप मिटला.

मंगळवारी सकाळी साडेसहाला मी घराची किल्ली शोधत बाहेर आलो, तर आई माझ्या आधीच चप्पल घालून दाराशी उभी होती.